एसएटीच्या गुणांना कोणते कॉलेज पैसे मोजते?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. माझे पती एच-वन-बी व्हिसावर नोकरी करतात आणि ग्रीन कार्डाचा अर्ज अनेक वर्षांपासून रांगेत आहे. मुलगी चार वर्षांची असताना आम्ही पुण्याहून इथे आलो. ती येत्या सप्टेंबरात बारावीत जाईल. तिला एसएटी या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेत १६०० पैकी १४७० गुण आहेत, शाळेचा अनवेटेड जीपीए (अवघड विषयांना जादा भार न देता काढलेली गुणांची सरासरी) ३.९ आहे आणि तिला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करायचे आहे. पीएसएटी या एसएटीआधीच्या परीक्षेत तिचा सिलेक्शन इंडेक्स २१६ आला. घरचे उत्पन्न वर्षाला दोन लाख डॉलरच्या थोडे खाली आहे, बचत बेताची आहे आणि मागे धाकटा मुलगा सातवीत आहे. वर्षाला तीस हजारांपेक्षा जास्त खर्च आम्हाला झेपणार नाही. शाळेच्या कौन्सेलरने अलाबामासारख्या राज्यांतील विद्यापीठे सुचवली, कारण तिथे गुणांवर स्कॉलरशिप मिळते. पती म्हणतात, इतकी वर्षे न्यू जर्सीत राहून मुलीला अलाबामाला पाठवायचे, तर मंडळातल्या लोकांना काय सांगायचे? पुण्याहून सासरे म्हणतात की एफडी मोडून पैसे पाठवतो, पण नातीला नामांकित कॉलेजातच घाला. तिने एसएटी पुन्हा द्यावी का, यादी कशी करावी आणि कोणाचे ऐकावे?
— एक आई, एडिसन

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातले सर्वात मोलाचे वाक्य तीस हजारांचे आहे. बहुतेक घरांत हा आकडा आईवडिलांच्या मनात असतो, पण मुलीसमोर तो कोणी उच्चारत नाही. मग ती उन्हाळाभर कॉलेजे पाहते, एखाद्यावर जीव लावते, एप्रिलमध्ये प्रवेशाचे पत्र येते, आणि त्या दिवशी घरात पहिल्यांदा पैशाची गोष्ट निघते. तसे तुमच्याकडे होऊ देऊ नका. या आठवड्यातच तिघांनी बसून तिला स्पष्ट सांगा की वर्षाला एवढे, चार वर्षांचे एवढे, आणि भावाच्या वाट्याचे बाजूला ठेवूनच हा आकडा धरला आहे. सतरा वर्षांच्या मुलीला हे समजते. तिच्यापासून ते लपवल्याने तिचे रक्षण होत नाही, फक्त निराशा पुढे ढकलली जाते.

यानंतरची गोष्ट अशी की १४७० या गुणांची किंमत सगळीकडे सारखी नाही. जिथे ते गुण तिथल्या सरासरी विद्यार्थ्यापेक्षा वर आहेत, तिथेच कॉलेज त्यांच्यासाठी पैसे मोजते. जिथे ते सरासरीइतके किंवा त्याखाली आहेत, तिथे त्यांनी फार तर प्रवेश मिळतो. यादी करताना प्रत्येक नावापुढे हा एकच प्रश्न विचारला, तरी निम्मा गोंधळ संपतो.

नामांकित नावांपासून सुरुवात करू, कारण घरात वाद त्यांच्यावरून आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांच्यासह आयव्ही लीगमधील आठही विद्यापीठे गुणवत्तेवर स्कॉलरशिप देतच नाहीत. एमआयटीही देत नाही. एसएटीत १६०० पैकी १६०० मिळाले तरी त्या गुणांसाठी तिथे एक डॉलरही सुटत नाही. जी मदत मिळते ती कुटुंबाच्या आर्थिक गरजेवर. मात्र ही मदत आपल्यासाठी नाही असे गृहीत धरू नका. दोन लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या आणि मालमत्ता सर्वसाधारण असलेल्या कुटुंबांना ट्यूशन (म्हणजे कॉलेजची शिकवण्याची फी) माफ करण्याचे धोरण एमआयटी आणि हार्वर्ड या दोघांनीही २०२५ च्या शरद सत्रापासून लागू केले, आणि ही दोन्ही विद्यापीठे गरज पाहताना नागरिकत्वाचा भेद करत नाहीत. तुमचे उत्पन्न त्या रेषेच्या आतले आहे. त्यांच्या संकेतस्थळांवर मदत वजा जाता आपल्याला किती खर्च येईल ते दाखवणारा नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो (संघराज्य सरकारच्या कायद्याने तो २०११ पासून जवळजवळ सर्वच कॉलेजांना ठेवावा लागतो), त्यात आपले आकडे भरून पाहायला तासभर पुरतो. पण हेही लक्षात ठेवा की तिथे शंभर अर्जदारांत पाच जणांनाही प्रवेश मिळत नाही आणि १४७० हे गुण तिथे निवडल्या जाणाऱ्यांमध्ये खालच्या टोकाला पडतात. एकदोन ठिकाणी अर्ज जरूर करावा, पण घराचे गणित त्यावर मांडू नये.

कॅलिफोर्निया विद्यापीठाची बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो ही केंद्रे इंजिनिअरिंगसाठी सर्वांना हवीशी वाटतात. ती यादीतून काढून टाका. ती प्रवेशासाठी किंवा स्कॉलरशिपसाठी एसएटी पाहतच नाहीत, आणि राज्याबाहेरच्या विद्यार्थ्याकडून नेहमीच्या फीवर वर्षाला ३४ हजार डॉलरहून अधिक जादा आकार घेतात. तुमच्या परिस्थितीत तिथे पैशाची कोणतीही वाट निघत नाही.

आता कौन्सेलरने सुचवलेल्या विद्यापीठांकडे येऊ. त्यांची सूचना मला योग्य वाटते, आणि ती योग्य का आहे हे तुमच्या पतींनाही समजावे म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. अमेरिकेत काही सरकारी विद्यापीठे राज्याबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी स्कॉलरशिपचा तक्ता जाहीर करतात. एका बाजूला एसएटी किंवा तिच्यासारखीच दुसरी परीक्षा एसीटी हिचे गुण, दुसऱ्या बाजूला जीपीए, आणि जिथे दोन्ही जुळतात तिथे वर्षाची रक्कम. निबंध नाही, मुलाखत नाही, समितीची मर्जी नाही. मुदतीत अर्ज केला आणि आकडे जुळले की रक्कम मिळते. टस्कलूसा येथील युनिव्हर्सिटी ऑफ अलाबामा यासाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या पदवीपूर्व विद्यार्थ्यांपैकी निम्म्याहून अधिक राज्याबाहेरून येतात, ते बऱ्याच अंशी या तक्त्यामुळे. हंट्सविलमधील युनिव्हर्सिटी ऑफ अलाबामाही असा तक्ता देते. तुमच्या मुलीसाठी मी तिचे नाव मुद्दाम घेते, कारण नासाचे मार्शल स्पेस फ्लाइट सेंटर आणि लष्कराचे रेडस्टोन आर्सेनल त्याच शहरात आहेत, शिवाय शेजारी कमिंग्ज रिसर्च पार्क आहे. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला इंटर्नशिपसाठी शहर सोडावे लागू नये, असे ते गाव आहे. मिसिसिपी स्टेटही राज्याबाहेरच्या हुशार मुलांना अशीच सवलत देते.

हा दानधर्म नाही, आणि तसे मानून संकोच करण्याचे कारणही नाही. राज्याबाहेरच्या विद्यार्थ्याची फी मुळातच राज्यातल्यापेक्षा कितीतरी जास्त असते. त्यातून मोठी सूट दिली तरी विद्यापीठाला बऱ्याचदा रहिवाशाच्या आसपास फी मिळते, आणि वर चांगल्या गुणांची मुले वर्गात आल्याने विद्यापीठाची प्रतिष्ठा वाढते. दोघांचाही फायदा असलेला हा व्यवहार आहे. तुमच्या दृष्टीने त्याचा सर्वात मोठा गुण म्हणजे निश्चितता : अर्ज करण्याआधीच किती पैसे मिळतील हे कळते. एक खबरदारी मात्र घ्या. हे तक्ते दरवर्षी बदलतात, कधी रक्कम घटते, कधी गुणांची पायरी सरकते. त्यामुळे मागच्या वर्षी एखाद्या मैत्रिणीच्या मुलाला काय मिळाले ते विसरून जा आणि तुमची मुलगी ज्या वर्षी प्रवेश घेणार त्याच वर्षासाठी छापलेला तक्ता पाहून त्याची प्रत जपून ठेवा.

एसएटी पुन्हा द्यावी का, या प्रश्नाचे उत्तर त्याच तक्त्यात आहे. काही तक्त्यांत सर्वात वरची पायरी १४२० च्या आसपासच सुरू होते. तिथे १४७० चे १५२० झाले तरी एक डॉलर वाढत नाही. काही ठिकाणी १४९० किंवा १५०० ला पुढची पायरी असते, आणि तिथे तीस गुणांच्या फरकाने चार वर्षांत हजारो डॉलरचा फरक पडू शकतो. तिने निवडलेल्या कॉलेजांपैकी निदान दोघांच्या तक्त्यात पुढची पायरी हाताच्या अंतरावर असेल, तर ऑगस्टची परीक्षा जरूर द्यावी, आणि तीही एकदाच. ऑक्टोबर, नोव्हेंबर अर्जांसाठी मोकळे राहू द्या. जोडीला दोन गोष्टी विचारून घ्या. पहिली, वेगवेगळ्या तारखांचे उत्तम भाग एकत्र करून होणारा सुपरस्कोअर स्कॉलरशिपसाठी धरतात की फक्त प्रवेशासाठी. काही कॉलेजे या दोन्हींत फरक करतात. दुसरी, जीपीए वेटेड धरतात की अनवेटेड, आणि तो कोणत्या इयत्तेपर्यंतचा. एसीटीकडे वळण्याची गरज मला दिसत नाही. तिचे १४७० हे अधिकृत तुलनेनुसार एसीटीच्या ३३ बरोबर आहेत आणि नवी परीक्षा शिकण्यात जाणारा उन्हाळा तिला निबंधांसाठी लागेल.

पीएसएटीविषयी थोडक्यात. पीएसएटीच्या सिलेक्शन इंडेक्सवर नॅशनल मेरिट या राष्ट्रीय स्कॉलरशिप स्पर्धेची पहिली निवड होते. तिच्या सेमीफायनलिस्टची रेषा राज्याराज्यांत वेगळी असते आणि न्यू जर्सीची ती देशातील सर्वात उंच रेषांपैकी आहे; अलीकडच्या वर्षांत ती २२८ पैकी २२३ ते २२५ राहिली आहे. २१६ वर तो विषय संपला. फायनलिस्टला अलाबामा, टल्सा किंवा डॅलस येथील युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सस काय काय देतात याच्या कहाण्या तुम्ही ऐकाल, त्या खऱ्याही आहेत, पण त्या तुमच्यासाठी नाहीत. धाकट्याच्या वेळी मात्र हे ध्यानात ठेवा : अकरावीच्या ऑक्टोबरातली पीएसएटी ही सरावपरीक्षा समजून सोडून देण्यासारखी नाही. अटलांटा किंवा टॅम्पा येथील नातेवाईक झेल मिलर किंवा ब्राइट फ्यूचर्स या योजनांची नावे घेतील, त्यांचेही तसेच. जॉर्जियाची झेल मिलर ३.७ जीपीए आणि १२०० एसएटीवर सरकारी विद्यापीठाची ट्यूशन भरते, ब्राइट फ्यूचर्स फ्लोरिडाची आहे, पण दोन्ही त्या त्या राज्याच्या रहिवाशांसाठी.

तक्त्याबाहेरची कॉलेजे अधिक अवघड आहेत, कारण तिथे स्कॉलरशिप असते पण ती कोणाला मिळेल हे आधी सांगता येत नाही. क्लीव्हलंडचे केस वेस्टर्न रिझर्व्ह, न्यूयॉर्क राज्यातील रेन्सलेअर, अशी बरीच खासगी विद्यापीठे इंजिनिअरिंगच्या चांगल्या विद्यार्थ्यांना मोठ्या रकमा देतात. इथे माहितीपत्रकावर विसंबू नका. प्रत्येक कॉलेजचा कॉमन डेटा सेट नावाचा वार्षिक तक्ता त्याच नावाने शोधला की सापडतो. त्याच्या सी-९ या भागात प्रवेश घेतलेल्यांचे एसएटी गुण असतात, खालच्या पावभागाची रेषा आणि वरच्या पावभागाची रेषा अशा रूपात. मुलीचे गुण वरच्या रेषेपलीकडे असतील तर पैशाची आशा धरावी, मध्ये असतील तर कमी, आणि खालच्या रेषेच्या आसपास असतील तर धरूच नये. मग एच-२-ए हा भाग पाहा. ज्यांना आर्थिक गरज नाही अशा किती विद्यार्थ्यांना कॉलेजने स्वतःच्या पैशातून गुणवत्तेची मदत दिली आणि सरासरी किती दिली, हे तिथे आकड्यांत असते. जिथे हजारातील चारशे मुलांना सरासरी पंचवीस हजार मिळतात आणि जिथे हजारातील वीस जणांनाच पूर्ण फी मिळते, ती दोन्ही कॉलेजे जाहिरातीत सारखीच उदार दिसतात. तुमच्या घराला पहिल्या प्रकारचे कॉलेज हवे आहे.

तरीही खासगी कॉलेजांविषयी माझा सल्ला सावध आहे. समजा एका खासगी विद्यापीठाचा वर्षाचा एकूण खर्च ८५ हजार आहे आणि त्याने ३५ हजारांची स्कॉलरशिप दिली. पत्रावर सोनेरी शिक्का असेल, घरात पेढे वाटले जातील, पण भरायचे ५० हजार उरतील. याउलट इंडियानातील पर्ड्यूने २०१३ पासून ट्यूशन वाढवलेली नाही आणि राज्याबाहेरच्या विद्यार्थ्यासाठी ती २९ हजारांच्या किंचित खाली आहे. तिथे एक पैशाची स्कॉलरशिप मिळाली नाही तरी खर्च त्या खासगी विद्यापीठापेक्षा कमी होतो. पर्ड्यूही तुमच्या तीस हजारांत बसत नाही, म्हणून मी ते सुचवत नाही. केवळ एवढे दाखवायचे आहे की स्कॉलरशिपच्या रकमा एकमेकींशी ताडून पाहू नयेत, खिशातून जाणाऱ्या रकमा ताडाव्यात.

आणि ती तुलना ज्याच्याशी करायची ते कॉलेज तुमच्या दारातच आहे. रटगर्सच्या इंजिनिअरिंगच्या इमारती पिस्कॅटवेला, म्हणजे तुमच्या शेजारच्या गावात आहेत. नुआर्कचे एनजेआयटी एडिसनहून रेल्वेने गाठता येते. ते गुणवत्तेवर स्कॉलरशिप देते आणि त्याचे अल्बर्ट डॉर्मन ऑनर्स कॉलेज चांगल्या मुलांसाठीच आहे. रहिवासी फी लागू झाली आणि मुलगी घरून ये-जा करू लागली, तर ही दोन्ही तुमच्या मर्यादेच्या बरीच आत येतात. म्हणून सर्वात आधी एच-फोरवरील (म्हणजे एच-वन-बीवाल्याच्या कुटुंबीयांच्या व्हिसावरील) विद्यार्थिनीला रहिवासी फी लागते का, हे दोन्हीकडून लेखी विचारा आणि येणारा आकडा तुमच्या यादीचा पाया माना. दूरच्या कॉलेजाने एक तर त्याहून कमी खर्चात शिकवावे, किंवा जास्त खर्चाच्या बदल्यात इथे न मिळणारे काही द्यावे. मंडळाचा प्रश्नही इथे आपोआप सुटतो, कारण अलाबामा की न्यू जर्सी हा निर्णय मग दोन आकडे आणि दोन अभ्यासक्रम समोर ठेवून होईल.

व्हिसाचा विषय मी मुद्दाम वेगळा काढला आहे, कारण कौन्सेलरांकडून तो हमखास सुटतो. मुलगी एच-फोरवर असेपर्यंत तिला फाफ्सा या सरकारी अर्जामार्फत मिळणारी संघराज्य सरकारची मदत नाही आणि सरकारी शैक्षणिक कर्जही नाही. म्हणूनच कॉलेजची स्वतःची गुणवत्तेची स्कॉलरशिप तुमच्या घराला इतरांपेक्षा अधिक मोलाची आहे. पण काही विद्यापीठे एच-फोरवरील विद्यार्थ्याला, तो बालवाडीपासून अमेरिकेत शिकला असला तरी, आंतरराष्ट्रीय अर्जदारांत मोजतात आणि त्यांच्यासाठी स्कॉलरशिपचा तक्ता वेगळा ठेवतात. त्यामुळे यादीतल्या प्रत्येक कॉलेजला ऑगस्टमध्येच एक ईमेल पाठवा. मुलगी एच-फोरवर आहे, अमेरिकेतील शाळेतून उत्तीर्ण होणार आहे, तर तिला कोणता तक्ता लागू होईल? आणि एकविसाव्या वर्षी एच-फोर संपून तिला एफ-वन हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागला, तर स्कॉलरशिप चालू राहील का, फी बदलेल का? हा दुसरा प्रश्न अत्यंत महत्त्वाचा आहे, कारण रांगेची आजची गती पाहता तो दिवस बहुधा तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षाच्या मध्यावर येईल. फोनवरच्या उत्तरावर विसंबू नका. लेखी उत्तर आल्यावरच नाव पक्के करा. वयाच्या मोजणीसाठी चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन अॅक्ट तुम्हाला कितपत उपयोगी पडेल, हे पतींच्या कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाकडून आत्ताच समजून घ्या.

टेक्सासचा एक नियम तुमच्या कामाचा आहे. तिथे राज्याबाहेरच्या विद्यार्थ्याला सरकारी विद्यापीठाकडून निदान एक हजार डॉलरची स्पर्धात्मक स्कॉलरशिप मिळाली, तर विद्यापीठ त्याला रहिवाशाची फी लावू शकते. अशा सवलतींच्या संख्येवर मर्यादा असते, पण जिथे ती मिळते तिथे हजाराची स्कॉलरशिप प्रत्यक्षात पंधरावीस हजारांची ठरते. डॅलसचे युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सस कॉम्प्युटर इंजिनिअरिंगसाठी उत्तम आहे. त्याचे नाव यादीत ठेवा आणि ईमेलमध्ये या सवलतीविषयीही विचारा.

आता स्कॉलरशिप हातात आल्यानंतरच्या गोष्टी. माझ्या मते कुटुंबे सर्वात जास्त इथे फसतात. ठरावीक डॉलरांची स्कॉलरशिप आणि ट्यूशनच्या ठरावीक टक्क्यांची स्कॉलरशिप यांत मोठा फरक आहे. समजा ट्यूशन ३४ हजार आहे आणि स्कॉलरशिप २४ हजार. पहिल्या वर्षी दहा हजार भरावे लागतात. ट्यूशन दरवर्षी चार टक्क्यांनी वाढली, तर चौथ्या वर्षी ती ३८ हजारांच्या पुढे जाते, स्कॉलरशिप तेवढीच राहते आणि तुमचे दहा हजार चौदा हजारांवर जातात. तीस हजारांची मर्यादा पहिल्या वर्षाला लावू नका, चौथ्या वर्षाला लावा.

स्कॉलरशिप टिकवण्यासाठी कॉलेजमध्ये किती जीपीए लागतो, हे त्याहून महत्त्वाचे. बऱ्याच ठिकाणी ३.० लागतो, काही ठिकाणी त्याहून अधिक. शाळेत ३.९ मिळवणाऱ्या मुलीला ३.० क्षुल्लक वाटतो, पण इंजिनिअरिंगचे पहिले वर्ष कॅल्क्युलस, फिजिक्स, प्रोग्रॅमिंग आणि घरापासून दूर राहण्याचा पहिला हिवाळा एकत्र घेऊन येते, आणि तिथे चांगल्या मुलांचेही पाय लटपटतात. म्हणून दोन प्रश्न विचारा : एखाद्या सत्रात गुण घसरले तर ते भरून काढण्याची संधी मिळते का, आणि गुण सावरल्यावर गेलेली स्कॉलरशिप परत मिळते का? जे कॉलेज पहिल्याच घसरणीला रक्कम कायमची काढून घेते, ते दोन हजार जास्त देत असले तरी मी मागे ठेवीन. इंजिनिअरिंगमध्ये को-ऑप, म्हणजे शिकता शिकता काही सत्रे कंपनीत काम करण्याची योजना, घेतले तर पदवीला पाच वर्षे लागतात, तेव्हा कामाच्या सत्रांत स्कॉलरशिप गोठवून पुढे वापरता येते का, हेही पाहा. आठ सत्रांची मर्यादा सरळ कॅलेंडरने मोजली तर शेवटचे वर्ष पूर्ण फीचे होईल. विभागाची आणि विद्यापीठाची अशा दोन स्कॉलरशिप एकावर एक मिळतात, की एक आली की दुसरी कमी होते, हे विचारायला विसरू नका. कराचे थोडक्यात सांगायचे तर ट्यूशन, सक्तीची फी आणि पुस्तके यांवर खर्च होणारी रक्कम करमुक्त असते. राहण्याजेवण्यावर जाणारी रक्कम मुलीचे करपात्र उत्पन्न ठरते.

तारखांविषयी इतकेच लक्षात ठेवा की स्कॉलरशिपची मुदत प्रवेशाच्या मुदतीच्या बऱ्याच आधी संपू शकते. जानेवारीपर्यंत अर्ज घेणारे कॉलेजही पैशासाठी १ नोव्हेंबर किंवा १ डिसेंबरची मुदत ठेवू शकते. सगळे अर्ज नोव्हेंबरच्या आत, अर्ली अॅक्शनने पाठवा, म्हणजे लवकर अर्ज करायचा पण तिथेच जाण्याचे बंधन नाही. अर्ली डिसिजन मात्र कुठेही करू नका. त्यात प्रवेश मिळाला की तिथेच जाण्याचे वचन आधी दिलेले असते, आणि ज्या घराला पाच ठिकाणच्या रकमा शेजारी ठेवून निर्णय घ्यायचा आहे त्याने ते वचन देणे योग्य नाही. उत्तर देण्याची शेवटची तारीख बहुतेक ठिकाणी १ मे असते. तोवर कोणाच्याही घाईला बळी पडू नका.

तुमच्या पतींच्या मनातली भीती मी हसण्यावारी नेत नाही. परदेशात आलेल्या आपल्या पिढीने बरेच काही कॉलेजच्या नावावर मिळवले, आणि मुलीला त्याहून कमी नाव मिळावे हे बापाला सोसत नाही. त्यांना एवढेच सांगा की इंजिनिअरिंगमध्ये आधी अभ्यासक्रमाला अॅबेट या इंजिनिअरिंगचे अभ्यासक्रम तपासणाऱ्या संस्थेची मान्यता आहे का ते पाहावे, मग कोणत्या कंपन्या तिथे इंटर्नशिपसाठी येतात ते पाहावे, आणि ऑनर्स कॉलेजमध्ये जागा मिळते का ते पाहावे. टस्कलूसा आणि हंट्सविल या दोन्ही ठिकाणचे इंजिनिअरिंग मान्यताप्राप्त आहे. पुढे तिला एमएस करायचे झाले, तर कर्ज नसलेली मुलगी निवड करायला मोकळी असते. एकदा तिघांनी जाऊन ते आवार पाहून यावे. तिथल्या भारतीय विद्यार्थ्यांशी ती स्वतः बोलली की तिला तिथे राहावेसे वाटते का, हे तुम्हाला तिच्याकडूनच कळेल. आणि आवार पाहून, मुलांशी बोलून ती नको म्हणाली, तर पैसे कितीही वाचत असले तरी तिला पाठवू नका, रटगर्स आहेच.

सासऱ्यांच्या एफडीला आत्ता हात लावू नका. भारतातून पैसे पाठवता येतात, रिझर्व्ह बँकेच्या योजनेत एका व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत मुभा आहे, पण मोठ्या रकमेवर बँक टीसीएस हा कर आगाऊ घेते, आणि वर्षात एक लाख डॉलरहून जास्त भेट आली तर तुम्हाला इथल्या आयआरएसला, म्हणजे कर खात्याला, फॉर्म ३५२० भरून कळवावे लागते. हे सारे जमण्यासारखे असले तरी म्हातारपणाच्या औषधपाण्यासाठी ठेवलेले पैसे ज्या कॉलेजसाठी मोडायचे, त्याची गरजच पडणार नाही अशी यादी तुमच्या हातात असताना ते मोडणे मला पटत नाही. त्यांना फोन करून सांगा की नातीने आठ ठिकाणी अर्ज करायचे ठरवले आहे, त्यातल्या चार ठिकाणची रक्कम अर्ज करण्याआधीच कळणार आहे, आणि बाकीच्या चारांची एप्रिलपर्यंत कळेल. सगळ्या रकमा हाती आल्यावर एका वर्षाला दोनतीन हजार कमी पडत असतील, तर तेवढे तुम्ही त्यांच्याकडून आनंदाने घ्या.